राइटचा थिसल: १८५१च्या एका हर्बेरियम नोंदीची उलटतपासणी

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात सिर्सियम राइटी, म्हणजे राइटचा थिसल, ही काटेरी वनस्पती एके काळी वाढत होती, या विधानाला आधार एकाच जागेचा आहे. ती जागा म्हणजे मेक्सिकोच्या सीमेवरची सॅन बर्नार्डिनोची पाणथळ. १८५१ साली चार्ल्स राइट या संग्राहकाने तिथून ती गोळा केली. १८५३ साली हार्वर्डच्या एसा ग्रे यांनी तिला राइटचं नाव देऊन नवी जात म्हणून प्रसिद्ध केली. आज त्या जागी ती नाही. ‘ॲरिझोनातून नाहीशी झालेली वनस्पती’ असा शेरा तिच्या नावापुढे पडतो तो एवढ्यावर.

हे प्रकरण निवडण्याचं कारण सरळ आहे. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचं संग्रहालय, आणि शीट म्हणजे दाबून वाळवलेलं रोप चिकटवलेला कागद. अशा जुन्या शीटवरून ‘ही वनस्पती इथे होती, आता नाही’ असं आपण फार सहज बोलतो. त्या वाक्यात किमान चार वेगळे दावे दडलेले असतात: ती हीच जात होती, ती याच जागी होती, तेव्हाची जागा ‘मूळ’ स्थितीत होती, आणि आज ती खरोखरच नाही. राइटच्या थिसलमध्ये हे चारही दावे एकेक करून तपासता येतात आणि प्रत्येकाची भक्कमता वेगळी निघते. माझ्या मते तिसरा दावा सगळ्यांत कच्चा आहे, आणि नेमका त्याच्याकडेच कुणी फारसं बघत नाही.

झाड आणि त्याची शीट

करडईच्या शेतातून उघड्या पायांनी गेलेल्याला थिसल म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. करडई, माळावरची उंटकटारी आणि सिर्सियम ही सूर्यफुलाच्या कुळातल्या एकाच काटेरी शाखेतली मंडळी. करडई आणि उंटकटारी कोरड्या जमिनीत निभावून नेतात. राइटचा थिसल मात्र वाळवंटात राहूनही पाय ओले असल्याशिवाय जगत नाही. झऱ्याचं तोंड, पाझर, ओढ्याचा चिखलाचा काठ, बारमाही ओल, क्षारयुक्त माती आणि डोक्यावर भरपूर ऊन, एवढं जुळून येईल तिथेच तो उगवतो. वाळवंटातल्या झऱ्यांभोवती तयार होणाऱ्या अशा पाणथळींना तिकडे सिएनेगा म्हणतात.

सुरुवातीला तो नुसता जमिनीलगतच्या पानांचा गुच्छ असतो. मग आयुष्यात एकदाच खोड वर काढतो. ते तीन फुटांपासून आठ फुटांपर्यंत चढतं, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास फुलतं, बी धरतं आणि झाड मरून जातं. न्यू मेक्सिकोच्या पूर्वेकडे पेकोस नदीच्या खोऱ्यात फुलं चांगली गुलाबी, तर सॅक्रमेंटो डोंगरांच्या बाजूला पांढरी किंवा फिकट. हा रंगाचा मुद्दा शेवटी पुन्हा लागणार आहे.

आता हे आठ फुटांचं झाड हर्बेरियमच्या शीटवर बसवायचं. अमेरिकी शीट साधारण २९ बाय ४२ सेंटिमीटरची. त्यावर येतो तो शेंडा: दोन-चार बोंडं, वीतभर खोड आणि वरची बारकी पानं. तळाचा गुच्छ, जो ओळख पटवायला सर्वांत उपयोगी, तो बहुतेक वेळा जागेवरच राहतो. बोंड जाड असतं. उभं चिरून न दाबता तसंच दाबलं तर आत ओल राहून बुरशी धरते, आणि त्याच्या जाडीमुळे आजूबाजूचं पान कागदाला टेकत नाही, ते सुरकुतून वाळतं. काटे वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्यांतून आरपार निघतात. पुढच्या माणसाला शीट हाताळताना बोटाला त्यांचा प्रसाद मिळतो. वाळल्यावर गुलाबी रंग मळकट तपकिरी होतो, मग फूल पांढरं होतं की गुलाबी हे फक्त चिठ्ठी सांगणार, तेही संग्राहकाने लिहिलं असेल तर.

या कटकटीमुळे निवडुंग आणि थिसल यांच्या शीट सगळीकडेच कमी. संग्राहक त्यांच्याजवळून जातो, बघतो आणि पुढे निघतो. त्यामुळे ‘शीट कमी म्हणजे झाड दुर्मीळ’ हा हिशेब थिसलच्या बाबतीत मांडायचा तर दहा वेळा विचार करावा. ॲरिझोनातून एकच जागा नोंदली गेली, याचा अर्थ तिथल्या इतर झऱ्यांवर हा थिसल नव्हताच, असा होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या मुलुखात दाब-फळ्या घेऊन फिरणारी माणसं किती, तर बोटावर मोजण्याइतकी.

राइट, ग्रे आणि क्रमांकांचा घोळ

चार्ल्स राइट कनेक्टिकटचा, जन्म १८११चा, येल विद्यापीठात शिकलेला. १८३७ साली तो टेक्सासला गेला आणि शिकवण्या, जमीन-मोजणी अशी पडेल ती कामं करत राहिला. ग्रे यांच्याशी पत्रव्यवहार जुळला तो वनस्पतींमुळे. १८४९ साली लष्कराच्या गाड्यांच्या तांड्याबरोबर सॅन अँटोनियोहून एल पासोला जायची संधी मिळाली. लष्कराने त्याचे कागद आणि पेटारे वाहून नेले, त्याला स्वतःला मात्र जवळजवळ सगळी वाट पायी तुडवावी लागली. शेकडो मैलांच्या त्या चालीनंतरही गडी पुन्हा तयार! १८५१ साली अमेरिका-मेक्सिको सीमा आखणाऱ्या आयोगाच्या पथकाबरोबर तो परत निघाला. त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या अखेरीस हे पथक सांता रीताच्या तांब्याच्या खाणींकडून पश्चिमेला सरकलं. थिसल फुलायचा हंगामही तोच.

गठ्ठे ग्रे यांच्याकडे, हार्वर्डच्या केंब्रिजला, पोचल्यावर दुसरा अंक सुरू होतो आणि हर्बेरियमवाल्यांची डोकेदुखीही. राइटने जागेवर दिलेले क्रमांक वेगळे होते. ग्रे यांनी सगळा माल जातीनुसार लावला, प्रत्येक जातीला स्वतःचा वितरण-क्रमांक दिला आणि संच करून वेगवेगळ्या संग्रहालयांना आणि वर्गणीदारांना पाठवले. यात कधी कधी दोन ठिकाणी, दोन वेगळ्या महिन्यांत तोडलेली रोपं एकाच क्रमांकाखाली गेली. बरोबर जी छापील चिठ्ठी लागली तिच्यावर मुलुखाचं मोघम नाव आणि १८५१-५२ एवढाच काळ. युरोपातल्या एखाद्या हर्बेरियममध्ये ती शीट उघडणाऱ्याला झरा, डोंगर, तारीख यांतलं काहीच हाती लागत नाही.

आपल्याला याचं नवल वाटू नये. त्याच दशकांत पश्चिम भारतातून गेलेल्या स्टॉक्स आणि लॉ या संग्राहकांच्या कितीतरी शीटवर ‘मलबार, कोकण इत्यादी’ एवढाच छापील पत्ता असतो. ‘इत्यादी’मध्ये अख्खा सह्याद्री मावतो. तेव्हा जात महत्त्वाची होती, जागा दुय्यम. ही त्या माणसांची बेफिकिरी नव्हती. आपण आज त्यांच्या कागदांना जो प्रश्न विचारतो, तो त्या काळी कुणी विचारतच नव्हतं.

राइटच्या बाबतीत हा गुंता बऱ्यापैकी सुटला. एलिझाबेथ शॉ यांनी राइटचे मूळ क्रमांक आणि त्याच्या प्रवासाची कागदपत्रं ग्रे यांच्या वितरण-क्रमांकांशी ताडून पाहिली आणि १८४९ ते १८५२च्या संग्रहाची जुळणी १९८७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत, पण त्याशिवाय त्या हजारो शीट नुसती वाळलेली पानं ठरल्या असत्या. सिर्सियम राइटीच्या बाबतीत तर सॅन बर्नार्डिनो हे ठिकाण सुरुवातीपासूनच जातीच्या वर्णनाला जोडलेलं होतं. म्हणून पहिला दावा पक्का म्हणायला हरकत नाही. ज्या नमुन्यावरून जातीची व्याख्या झाली (टाइप नमुना) तोच इथला आहे, त्यामुळे ‘ओळख चुकली असेल’ ही पळवाट इथे आपोआप बंद होते. बाकीच्या ठिकाणच्या शीटना ही सोय नाही. तिथे तळाचा गुच्छ नसलेल्या एका फांदीवरून शेजारच्या जातींशी गल्लत व्हायला भरपूर वाव उरतो.

संगणकीय नोंदवह्यांनी एक नवीनच फसगत आणली आहे. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी तोडलेल्या रोपांचे तुकडे पाच संग्रहालयांत गेले, तर शोधपटलावर पाच नोंदी दिसतात. नकाशावर पाच ठिपके, तेही थोडे इकडेतिकडे, कारण प्रत्येक संग्रहालयाने अक्षांश-रेखांश आपापल्या अंदाजाने बसवलेले. बघणाऱ्याला वाटतं, इथे हे झाड विपुल होतं. प्रत्यक्षात ती एका माणसाची एक संध्याकाळ असते.

सोनोरा की ॲरिझोना

आता जागेकडे. राइटने रोप तोडलं तेव्हा तो सगळा मुलुख मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात होता. अमेरिकेने गॅड्सडेन करार केला तो ३० डिसेंबर १८५३ रोजी, तो मंजूर होऊन अंमलात आला १८५४ साली, आणि मग सीमा ३१ अंश २० मिनिटं उत्तर अक्षांशावर आली. ही रेषा सॅन बर्नार्डिनोच्या पाणथळीवरूनच जाते. उत्तरेकडचा भाग आज ॲरिझोनाच्या कोचीस काउंटीत, डग्लस शहराच्या पूर्वेला साधारण पंचवीस किलोमीटरवर, दक्षिणेकडचा सोनोरात.

म्हणजे ‘सोनोरा’ ही नोंद तिच्या काळात बिनचूक होती, आणि आजचा संगणक ती शब्दशः घेऊन ठिपका मेक्सिकोत टाकतो. दुसरा एखादा अभ्यासक ‘सॅन बर्नार्डिनो’ वाचून ठिपका ॲरिझोनातल्या जुन्या रँचच्या घरावर ठेवतो. दोघांनाही चूक म्हणता येत नाही. झरे आणि गवताळ चिखल दोन्हीकडे पसरलेला होता आणि मधली रेषा नंतर आली. राइटचे बूट नेमके कुठल्या बाजूला चिखलात गेले, हे सांगायचं काम चिठ्ठी करत नाही. काही किलोमीटर त्रिज्येचं, दोन्ही देशांवर पसरलेलं एक वर्तुळ काढणं एवढंच प्रामाणिक उत्तर आहे.

पण कायद्याला वर्तुळं आवडत नाहीत. संकटग्रस्त जातीचं क्षेत्र ठरवताना राज्य लागतं, काउंटी लागते. ‘ॲरिझोना: एक ऐतिहासिक ठिकाण’ ही ओळ त्यातून आली आहे. मी ती खोडणार नाही, कारण पाणथळ सलग होती आणि झाड उडत्या बियांचं. रेषेच्या एका बाजूला असून दुसऱ्या बाजूला नसणं संभवत नाही. फक्त ही ओळ अनुमानाची आहे, निरीक्षणाची नाही, एवढं लक्षात असावं.

१८५१ हा पहिला दिवस नव्हता

माझा खरा आक्षेप इथे आहे. जुनी शीट हातात आली की आपण तिच्या तारखेला निसर्गाची आरंभरेषा मानून बसतो: १८५१ साली सगळं जागच्या जागी होतं, नंतर बिघडलं. सॅन बर्नार्डिनोत हे मुळीच लागू पडत नाही.

१८२२ साली ही जमीन इग्नासियो पेरेस याला गुरांच्या चराईसाठी मेक्सिकन अनुदान म्हणून मिळाली. गुरं आली, वाढली. अपाचींच्या हल्ल्यांमुळे १८३०च्या दशकात माणसं जागा सोडून गेली, गुरं तिथेच राहिली आणि रानटी झाली. डिसेंबर १८४६ मध्ये फिलिप सेंट जॉर्ज कुक यांच्या हाताखालची मॉर्मन बटालियन ही अमेरिकी लष्करी तुकडी कॅलिफोर्नियाकडे जाताना इथे थांबली, तेव्हा त्यांची गाठ या रानटी गुरांशी पडली. १८५१च्या मे महिन्यात सीमा आयुक्त जॉन रसेल बार्टलेट इथून गेला, त्याला मातीच्या भिंतींचे पडके अवशेष दिसले.

तेव्हा राइटने पाहिलेली पाणथळ ही आधी गुरांनी तुडवलेली आणि मग दीड-दोन दशकं बऱ्याच अंशी मोकळी पडलेली जागा होती. थिसलच्या दृष्टीने याचे दोन अर्थ निघतात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एक, मूळची मोठी वस्ती गुरांनी आधीच घटवली होती आणि राइटला मिळाला तो उरलासुरला भाग. दोन, तुडवलेल्या उघड्या चिखलात थिसलच्या बियांना रुजायला जागा मिळाली, वर गुरांनी काटेरी पानं टाळून आजूबाजूचं गवत खाल्लं, आणि १८५१ साली तो एरवीपेक्षा जास्तच माजलेला होता. शीट या दोन्हींपैकी एकाही बाजूने साक्ष देत नाही. ‘पुन्हा १८५१सारखं करू’ असं म्हणणाऱ्या माणसाला म्हणूनच विचारावंसं वाटतं, की बाबा, कुठलं १८५१?

पुढची कहाणी मात्र एकाच दिशेने जाते. १८८४ साली जॉन स्लॉटर याने ही जागा घेतली. तो काही काळ कोचीस काउंटीचा शेरीफही होता. त्याने मोठ्या प्रमाणावर गुरं ठेवली, झऱ्याचं पाणी अडवून तळं केलं, शेती केली. आपोआप उसळणाऱ्या आर्टेशियन विहिरीही खोदल्या गेल्या. ३ मे १८८७ रोजी याच खोऱ्याच्या सोनोरातल्या भागात जमीन फाटली. सुमारे साडेसात तीव्रतेचा तो भूकंप होता. बाविस्पे गाव जमीनदोस्त झालं आणि रँचच्या मातीच्या इमारतीही कोसळल्या. पाठोपाठ १८९१ ते १८९३चा दुष्काळ. दक्षिण ॲरिझोनात गुरांची संख्या आधीच जमिनीच्या ताकदीबाहेर गेली होती. गवत संपलं, गुरं पटापट मेली, आणि नंतर पाऊस आला तेव्हा त्याला अडवायला जमिनीवर काही उरलं नव्हतं.

अशा वेळी काय होतं ते बारकाईने सांगायला हवं, कारण थिसल इथेच हरला. सिएनेगातलं पाणी पसरट, संथ आणि उथळ असतं. लव्हाळे आणि गवताची मुळं गाळ धरून ठेवतात आणि माती वर्षभर भिजलेली राहते. मुळांचं जाळं विरळ झालं की पुराचं पाणी पसरायचं सोडून एका रेघेत धावतं. ती रेघ चर होते. चराचं वरचं टोक प्रत्येक पुराला मागे मागे खात जातं, तळ खोल जातो, आणि आजूबाजूच्या सगळ्या जमिनीतलं पाणी त्या खोल तळाच्या पातळीला उतरतं. वरची माती आता पावसाळ्यातही चार दिवसांत वाळते. सॅन बर्नार्डिनोतला ब्लॅक ड्रॉ हा प्रवाह असाच खोल गेला. विहिरींनी भूजलाचा दाब आणखी कमी केला. नकाशावर झरे दिसत राहिले, काही वाहतही राहिले, पण झऱ्याभोवतीचा तो रुंद ओला पट्टा आक्रसत गेला. थिसलला हवा होता तो पट्टा. उघडं पाणी त्याच्या कामाचं नव्हतं.

दोष कुणाच्या माथी मारायचा? गुरं, विहिरी, भूकंप, दुष्काळ, सगळ्यांची सरमिसळ आहे आणि नोंदींच्या तारखांवरून ती सोडवता येत नाही. १८५१ला थिसल तिथे होता. १९८२ साली तिथे सॅन बर्नार्डिनो राष्ट्रीय वन्यजीव आश्रय स्थापन झाला तो त्याच्यासाठी नव्हे, याकी नदीच्या खोऱ्यातल्या दुर्मीळ माशांसाठी. या दोन टोकांच्या मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षं पडली आहेत.

नसल्याचा पुरावा

हर्बेरियममध्ये असलेल्या गोष्टी ठेवतात. ‘आज जाऊन पाहिलं, सापडलं नाही’ याची शीट कुणी चिकटवत नाही. हे दुखणं जगभरचं आहे. त्यामुळे चौथा दावा, म्हणजे आज ती तिथे नाही, बाहेरच्या साक्षींवर सिद्ध करावा लागतो.

इथे त्या साक्षी चांगल्या आहेत. माणसापेक्षा उंच, महिना-दोन महिने फुललेलं झाड नजरेतून सुटणं अवघड. आश्रयात जीवशास्त्रज्ञांची ये-जा सतत असते. डीन हेंड्रिक्सन आणि मिंकली या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात नैर्ऋत्य अमेरिकेतल्या सिएनेगांचा जो इतिहास मांडला, त्यात पाणथळींचा ऱ्हास जागोजागी दाखवला होता. म्हणजे झाडाला लागणारी परिस्थितीच गेली होती. सोनोराच्या बाजूबद्दल एवढ्या खात्रीने बोलवत नाही, कारण तिथे पाहणीसाठी गेलेले डोळे कमी. शेवटी अमेरिकी मासे व वन्यजीव सेवेनेही ॲरिझोनातल्या ठिकाणी ही वनस्पती उरलेली नाही असंच धरलं.

उरली कुठे, तर न्यू मेक्सिकोत, आठ ठिकाणी: सांता रोसा, बिटर लेक, ब्लू स्प्रिंग, ला लूझ कॅन्यन, सिल्व्हर स्प्रिंग्ज, टुलारोसा क्रीक, कार आणि हेन्स कॅन्यन आणि अलामोसा क्रीक. यातल्या दऱ्यांमध्ये उतरलं की दृश्य एकच: दोन्ही बाजूंना कोरडा डोंगर आणि मध्ये झऱ्याच्या पाण्याने ओली राहिलेली हिरवी पट्टी. पट्टी संपली की थिसल संपला. सांता रोसाच्या ब्लू होल सिएनेगाचा काही भाग राज्याने २००५ साली संरक्षणासाठी विकत घेतला. इतर ठिकाणी खासगी जमीन, मेस्कलेरो अपाची राखीव क्षेत्र आणि सरकारी वन अशी सरमिसळ आहे.

कायद्याची वाट लांबली. वाइल्डअर्थ गार्डियन्स या संस्थेने २००८ साली अर्ज केला. २०१० साली सेवेचं उत्तर आलं की संरक्षण द्यायला हवं, पण इतर कामं आधी. म्हणजे सरकारी भाषेत ‘बघू’. २०२० साली प्रस्ताव आला आणि एप्रिल २०२३ मध्ये ‘धोक्यात’ या वर्गात अंतिम नोंद झाली, सोबत सुमारे ६३ हेक्टर ‘महत्त्वाचा अधिवास’, म्हणजे त्या जातीसाठी कायद्याने ठरवून दिलेलं क्षेत्र. एक मेख राहतेच. अमेरिकेच्या त्या कायद्यात वनस्पतीला प्राण्याएवढं संरक्षण नाही. खासगी जमिनीवरचं रोप मालकाने उपटलं, तर राज्याचा कायदा मोडल्याशिवाय केंद्राचा हात तिथे पोचत नाही. शिवाय झऱ्याचं पाणी आधी वापरणाऱ्याचं, या हक्कापुढे तर कुठलंच फूल टिकत नाही.

थिसल असण्याची वेगळी शिक्षाही आहे. युरोपातून आलेल्या मस्क थिसलसारख्या तणांचा बंदोबस्त करायला ऱ्हायनोसिलस कोनिकस हा भुंगा १९६०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेत सोडला गेला. बोंडात अंडी घालायची आणि अळ्यांनी बी फस्त करायचं, हे त्याचं काम. परका थिसल आणि देशी थिसल हा भेद त्याला कोण शिकवणार? स्वाटा लाउडा आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिलं की तो देशी सिर्सियमवर पसरला आहे आणि त्यांचं बी घटवतो आहे. जे झाड आयुष्यात एकदाच फुलतं, त्याचं एका हंगामाचं बी जाणं म्हणजे त्या झाडाचं सगळंच जाणं. रस्त्याकडेला तणनाशक मारणाऱ्या कामगाराची गतही काही वेगळी नसते. त्याच्या लेखी काटेरी ते सगळं तण.

मूळ जागेचं काय

२०२३चा महत्त्वाचा अधिवास सगळाच्या सगळा न्यू मेक्सिकोत आहे. ज्या जागेवरून जातीला नाव मिळालं ती त्यात नाही. हे मला अन्यायाचं वाटत नाही. पाणी नसलेली जागा कागदावर राखून थिसल येत नाही, आणि आश्रयाची जमीन माशांमुळे तशीही सुरक्षित आहे. पण परत आणायचं म्हटलं तर क्रम काय असावा, यावर बोलता येईल.

आधी ओल. सीमेच्या दक्षिणेला गेल्या काही दशकांत ओढ्यांमध्ये गॅबियन, म्हणजे जाळीत दगड भरून केलेले बांध, घालून गाळ अडवण्याचं आणि पाण्याची पातळी वर आणण्याचं काम झालं आहे. बारमाही ओला पट्टा पुन्हा रुंदावला, तर तो आधी तिथेच रुंदावेल. मग बियाणं, आणि इथे रंगाचा प्रश्न परत येतो. पेकोसच्या बाजूचं गुलाबी फूल घ्यायचं की डोंगरांकडचं पांढरं? आठांपैकी सॅन बर्नार्डिनोला सर्वांत जवळचं अलामोसा क्रीकही जवळपास तीनशे किलोमीटर दूर. अंतर बघून ठरवणं सोपं, पण वाळवंटात झऱ्यांमधलं अंतर आणि नातं यांचा मेळ बसेलच असं नाही.

याचं उत्तर राइटच्या शीटमध्येच असू शकतं. १८४५च्या सुमाराच्या बटाट्याच्या रोगट पानांच्या शीटमधून त्या रोगाचा डीएनए २०१३ साली वाचला गेला आहे, म्हणजे १८५१चं थिसलचं पान वयाने आवाक्यातलं आहे. त्यासाठी मूळ नमुन्याचा नखाएवढा तुकडा कापून द्यावा लागेल, आणि कुठलाही क्युरेटर टाइप नमुन्याला कात्री लावताना हात आखडता घेणार. घ्यावाच. आधी त्याच क्रमांकाच्या दुय्यम प्रतींपैकी जी खात्रीने सॅन बर्नार्डिनोची ठरेल ती शोधावी आणि तिच्यावरून सुटलेल्या, पाकिटात ठेवलेल्या चुऱ्यातून सुरुवात करावी.

तोवर नोंदवहीत तीन दुरुस्त्या करायला कुणाची परवानगी लागत नाही. एका संग्रहाच्या सगळ्या प्रती एकमेकींना जोडून एकच नोंद मोजावी. ठिपक्याऐवजी सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरणारी त्रिज्या लिहावी. आणि देशाच्या रकान्यात चिठ्ठीवरचं सोनोरा तसंच ठेवून, शेजारी आजची सीमा कधी आली ते वर्ष टाकावं.